कार्डाची भवानी

भिंगारच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर सासरे बसतात, बाकी सगळं मी बघते. दुकान मला त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं. हे त्यांनाही ठाऊक आहे, कबूल करत नाहीत एवढंच.

बँक कार्डावर पैसे कापते म्हणून त्यांनी दारात पाटी लावली होती, ‘कार्डावर दोन टक्के जादा’. मी कितीदा सांगितलं, "मामा, किमतीच तेवढ्या वाढवू आणि रोखीवर सूट देऊ. आपल्याला पडतं तेच, पण जादा म्हटलं की माणूस बिथरतो." त्यांचं ठरलेलं उत्तर, "खरं सांगितलं त्यात काय वाईट हाय?"

एका सकाळी झाडलोट होते न होते तोच एका फौजीची बायको आली. नुकतीच बदली होऊन आलेली, अख्खा संसार मांडायचा होता. पातेली, कढई, कुकर असं सगळं निवडून तिने कार्ड पुढे केलं. मामांनी पाटीकडे बोट दाखवलं. तिने कुकर खाली ठेवला, "राहू द्या" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

माझं डोकंच फिरलं. फौजी क्वार्टरमध्ये एकीला कळलं की दहा जणींना कळतं, आणि आमचं निम्मं गिऱ्हाईक तिथलंच.

"मामा, दोन टक्क्यांपायी भवानीचं गिऱ्हाईक घालवलंत!"

त्यांचा चेहराच उतरला. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक त्यांनी उभ्या आयुष्यात रिकाम्या हाती पाठवलं नव्हतं, वेळेला पदरमोड करून माल दिला होता. पण हातात नोट पडल्याशिवाय त्यांच्या लेखी भवानी होतच नाही. कार्ड बघून ही भवानी आहे हे बिचाऱ्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मी तिच्या मागे निघाले, तर म्हणाले, "तू थांब." दुखरे गुडघे धरत उतरले आणि भर रस्त्यात तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"ताई, माघारी चला. तुमी आमची भवानी हाय. जादा काय न्हाई, उलट दोन टक्के कमीच द्या."

हे माझ्याच्याने झालं नसतं.

ती आली. कार्ड चाललं, मशीनमधून चिठ्ठी निघाली. मामांनी ती दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि गल्ल्यात ठेवली, नोटांच्या खणात.