कमी पडलेले सात

सिंधू गेल्याचं तिच्या मुलीनं, रमानं, फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नक्की?" रमा रडता रडताच हसली. "मावशी, आईसुद्धा हेच म्हणाली असती." खरंच म्हणाली असती. सिंधूनं आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानली नाही. डॉक्टरांचं निदान नाही, दुकानातला तराजू नाही, आणि आमची मैत्री तर नाहीच नाही. आता दीड-दोन महिने झाले तिला जाऊन. या संशयी बाईला आपण इतका जीव का लावला, याचा विचार करत बसते...

आमची ओळख परळच्या एका कॅन्सर रुग्णालयात झाली. संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटलेला, आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी असे ते दिवस. मी गिरगावातून यायची. आमच्याकडे तीन पिढ्या कारकुनी. सिंधू तिथंच मागच्या चाळीत राहायची. वडील गिरणीत, आणि नुकतंच त्यांच्या सगळ्या घरानं बौद्ध धर्म स्वीकारलेला. गणिताची पदवी घेतलेली ती त्या चाळीतली पहिलीच मुलगी. आमच्या खात्यात पाण्याच्या माठाशी ती गेली की दोन-चार नजरा तिच्या हाताकडे वळायच्या. तिला ते कळायचं. ती मुद्दाम सावकाश पाणी प्यायची.

रुग्णालयात किरणोपचाराचं नवं यंत्र बसणार होतं. त्याच्या खोलीची भिंत किती जाड हवी, हा प्रश्न होता. भिंतीच्या पलीकडे रुग्णालयातल्या आयांची बसायची खोली. दुपारी त्या तिथं डबे खायच्या, पाय पसरून आडव्या व्हायच्या. ठेकेदाराचा अंदाज होता की आखली आहे तेवढी जाडी पुरेल. आमच्या साहेबांना, म्हणजे विभागप्रमुखांना, तो पडताळून हवा होता. काम सिंधूकडे आलं, मदतीला मी आणि आमच्याच खात्यातला सावंत.

ते काम मला पहिल्यांदा पोरखेळ वाटलं होतं. एखादा किरण भिंतीत शिरला की तो अडेल, आरपार जाईल की वाकडा वळेल, हे कुणीच सांगू शकत नाही. पण असे हजारो किरण कागदावर एकेक करून सोडले, आणि प्रत्येक वळणाला काय घडलं ते चिठ्ठी उचलल्यासारखं नशिबावर ठरवलं, तर शेवटी किती पलीकडे पोचतात याचा अंदाज येतो. त्यासाठी आकडे लागतात. शून्य ते नऊ, दहाही आकड्यांना सारखीच संधी, आणि आधीच्यावरून पुढचा ओळखता येऊ नये असे. परदेशातून अशा आकड्यांचं छापील पुस्तक मागवलं होतं, ते काही आलं नाही. मग सावंतनं जुन्या पंख्याच्या मोटरवर एक चकती बसवली, तिचे दहा सारखे भाग करून त्यांवर आकडे रंगवले. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत ती गरगर फिरायची, मध्येच दिवा क्षणभर लुकलुकायचा, आणि तेवढ्यात काट्यासमोर दिसेल तो आकडा आम्ही पाळीपाळीनं लिहायचो. सात, आठ किंवा नऊ आला की किरण कोपऱ्यावरून आयांच्या खोलीकडे वळला, असं धरायचं.

सगळे कागद सिंधू घरी नेऊन तपासायची. एका संध्याकाळी लालबागच्या नाक्यावर पोलिसांनी तिला अडवलं. आदल्याच दिवशी तिथं अश्रुधूर सोडलेला, त्यामुळे पिशवी दिसली की झडती. तिच्या पिशवीत निघाले ते भरगच्च आकड्यांचे ताव. पुढचं तिनंच मला सांगितलेलं.

"हे काय?" हवालदारानं विचारलं.

"आकडे."

"कसले?"

"कसलेच नाहीत. त्यांना काही अर्थ नाही."

"अर्थ नाही तर लिहिलेस कशाला? सट्टा चालवतेस, की समितीचे निरोप पोचवतेस?"

"त्यांना अर्थ सापडला तर माझं सगळं काम फुकट जाईल, हवालदारसाहेब."

हे उत्तर काही त्याला आवडलं नाही. चौकीत दोन अधिकारी त्या तावांवर डोकं धरून बसले. तिला वडील येईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. कागद सुटले ते दुसऱ्या दिवशी, साहेब स्वतः चौकीत गेले तेव्हा.

कागद परत आले, पण क्रम विस्कटून. एखादा ताव गहाळ झाला असेल, कुणी मध्ये काही खरडलं असेल, या शंकेनं सिंधू पुन्हा मुळापासून मोजायला बसली. कोणता आकडा किती वेळा आला, तेही मोजलं. ताव सगळे होते. पण सात कमी होते. थोडेथोडके नाही... नशिबाच्या खात्यावर घालता येऊ नयेत इतके.

त्यानंतर आम्ही चूक शोधायला लागलो. आधी संशय चकतीवर. सावंतनं ती उतरवून कंपासनं पुन्हा मोजली, भाग बरोबर होते. मग मोटरवर, मग दिव्यावर. आणि मग आमच्यावर. कुठला ताव कुणाच्या पाळीचा याची खूण त्याच्या कोपऱ्यात नव्हती. ती म्हणाली, आता तिघांनी वेगवेगळे ताव लिहायचे आणि एकमेकांना दाखवायचे नाहीत. सावंत लालबागचा, मूळचा मालवणी. तो भडकलाच. "माझ्यार संशय घेतंस काय गो? मी काय सात खातंय?" मीही दुखावले. पंगतीला बसून जिच्या डब्यातली सुकटीची चटणी मी घरच्यांना न सांगता खाल्ली, ती मला असं जोखते?

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" मी विचारलं.

"तुझ्यावर आहे गं. तुझ्या डोळ्यांवर नाही."

मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. एकाच अंधाऱ्या खोलीत तिघं तीन कोपऱ्यांत, कागद हातानं झाकून, परीक्षेतल्या पोरांसारखे. मनात मी ठरवूनही टाकलं होतं की चूक सावंतची निघणार. तो घाईत असतो, चष्माही लावत नाही. सावंतला वाटत होतं, माझी.

निकाल तिनं एकटीनं काढला. सकाळी मी आले तर ती खिडकीशी उभी. "सुलभा, तुमचे दोघांचे आकडे स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "सात मी खाल्ले."

मला कळेचना. तिनं शांतपणे सांगितलं. माणसाला मनातला एखादा आकडा सांगायला लावला की तो बहुधा सात सांगतो, हे तिला आधीपासून माहीत होतं. म्हणून सातावर तिचा राग. काटा सात आणि सहाच्या, किंवा सात आणि आठच्या मधल्या रेघेवर दिसला, की तिचा डोळा नकळत सात सोडून शेजारच्याकडे जायचा, आणि बहुतेकदा सहाकडे. फसायचं नाही, या धास्तीनंच ती फसली होती. "सहा धरला की किरण आयांच्या खोलीत जातच नाही," ती म्हणाली. "म्हणजे भिंत पुरेशी आहे असं जे पहिलं उत्तर आलंय, ते माझ्यामुळे आलंय."

चूक गुपचूप दुरुस्त करता आली असती. मी तसं सुचवलंही. माठाजवळच्या नजरा याचीच तर वाट बघत होत्या. ती तशीच साहेबांकडे गेली. मी मागोमाग.

साहेबांचा चेहरा उतरला. खोलीच्या उद्घाटनाला मंत्री यायचे होते. त्या काळात मुंबईत मंत्री आले की काळे झेंडे ठरलेले. साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"खरं सांगा, बाई. उद्घाटन लांबवायला समितीनं सांगितलंय का तुम्हाला?"

"मी मोर्चाला जाते, साहेब. लपवत नाही. पण हे आकडे मोर्चातले नाहीत."

"मग चूक कुणाची?"

"माझी. लिहून देते. आता मी वाचणार नाही, हे दोघं वाचतील. आणि पुन्हा मोजून होईस्तोवर त्या बायकांना दुसरी खोली द्या."

साहेबांनी पेपरवेट बाजूला सारला. मग म्हणाले, "खोली आजच रिकामी करा." त्यांचा तिच्यावरचा संशय गेला होता असं मला वाटत नाही. पण भिंतीवरचा संशय त्यांना जास्त मोठा वाटला असावा.

पुढच्या आठवड्यांत खात्यात काय काय बोललं गेलं ते लिहवत नाही. "या लोकांना गणित द्यायचंच कशाला," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सिंधूनंही ऐकलं. ती सावंतचे आणि माझे ताव घेऊन किरण सोडत राहिली. उत्तर आलं, कोपऱ्याकडची भिंत कमी पडतेय. ती वाढवली. मंत्री आले नाहीत. यंत्र सुरू झालं तेव्हा नारळसुद्धा फुटला नाही. पहिली रुग्ण माझगावची एक म्हातारी होती, ती आमच्याकडे इतक्या संशयानं बघत आत गेली की सिंधूला हसू आवरेना. आणि भिंत नीट मोजून झाल्यावरच आया आपल्या खोलीत परतल्या. त्यांच्यातल्या कुणालाच यातलं काही कळलं नाही. कळवायचं नाही, असं सिंधूचंच म्हणणं होतं. "उगाच टळल्या गोष्टीची भीती कशाला घालायची त्यांच्या मनात?"

पुढं तिनं पुष्कळ शिकवलं, ती पुष्कळ भांडलीही. शेवटच्या आजारात तरुण डॉक्टर तिला धीर देत म्हणाला, शंभरातले बरेच बरे होतात. तिनं विचारलं, "कुठले शंभर?"

मागच्या रविवारी मी दादरला रमाकडे गेले. जिने चढून चक्कर आली. रमानं काट्याचं जुनं रक्तदाबाचं यंत्र काढलं, माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, वाचलं, आणि काही न बोलता यंत्र भावाकडे, आनंदकडे, सरकवलं. "तू घे. मी सांगत नाही." त्यानं वाचलं. मग दोघांनी आपापला आकडा सांगितला. जुळले नाहीत.

"आता?" मी विचारलं.

"आता थोडा वेळ गप्प बसायचं, मावशी," रमा म्हणाली. "मग पुन्हा."