तीन पंचमांश माणूस

"आडनावावरून कळत नाही. मूळच्या कोण तुम्ही?"

पालकभेटीची वेळ. समोर माझ्या वर्गातल्या इराचे वडील, पुण्याचे, झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात इंजिनियर. मुलीची वही तशीच मिटलेली. मी जात सांगितली.

"अच्छा. म्हणजे कोट्यातल्या."

मी खाली बघितलं. वय चौतीस. इतिहासात एम.ए., बी.एड., सात वर्षं वर्गावर. तरी मान खाली गेली. त्याचीच चीड आजही येते.

जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, त्याच्या पुढचा हिवाळा. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो होतो. एका इंग्रजी शाळेत मी सातवीला अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. त्याच आठवड्यात त्यांची राज्यघटना शिकवली होती. प्रतिनिधी ठरवताना गुलाम माणूस तीन पंचमांश मोजायचा, असं तिच्यात लिहिलं होतं. एका मुलीने विचारलं, "मिस, तुमच्या देशात?"

मी म्हणाले, "माझ्या आजीला गावच्या विहिरीवर मनाई होती. तिला किती मोजायचं, ते कुणी लिहूनही ठेवलं नव्हतं."

इराने ते घरी सांगितलं. म्हणून वडील आले होते. माझ्याकडून उठून ते थेट मुख्याध्यापिकेकडे तक्रार घेऊन गेले: बाई मुलांच्या मनात आमच्या संस्कृतीबद्दल विष कालवतात. बाईंच्या पदव्या तपासा.

मुख्याध्यापिका जर्मन. आवाज मऊ. "हे बघा, शाळेत शांतता हवी," त्या म्हणाल्या. हातात आबमाहनुंग दिलं. लेखी ताकीद. ते माझ्या फायलीत राहणार. शिवाय वर्गात सांगायचं, की आजीची गोष्ट अतिशयोक्ती होती. सांगेपर्यंत माझ्या तासाला एक सहकारी मागे बसणार.

बसला. दोन आठवडे. मी बोलायचे, तो लिहायचा. मुलं मागे वळून बघायची. मी खडू धरून उभी. सगळं गिळलं. घरी नवरा म्हणाला, "एक वाक्य आहे. बोलून टाक."

मग पहिली घटनादुरुस्ती आली. बोलण्याचा हक्क. सरकारकडे तक्रार नेण्याचा हक्क. मी फळ्यावर लिहिलं. मुलांनी उतरवून घेतलं. तास संपल्यावर इरा टेबलाशी थांबली. घरी मराठी ऐकणारी, माझ्याशी इंग्रजीत बोलणारी पोर.

"मिस, तुम्ही खोटं बोलला नाहीत, तर ते सर मागे का बसतात?"

बारा वर्षांच्या पोरीला दिसत होतं. मीच आंधळी झाले होते. दुसऱ्यांच्या देशातले हक्क पाठ करून घेत होते, आणि स्वतः गप्प.

त्या दुपारी मी दोन पानी उत्तर लिहिलं. विहीर कुठली, मनाई कुणाची, पाणी कोण वाढायचं, सगळं नावानिशी. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवलं.

"हे ताकिदीच्या मागे लावा. मी ते वाक्य म्हणणार नाही."

"तुमचा करार उन्हाळ्यात संपतो," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

करार वाढला नाही. मी ताकीद रद्द व्हावी म्हणून कामगार न्यायालयात अर्ज टाकला. नवरा चिडला. मराठी मंडळींची आमंत्रणं बंद झाली. वकील म्हणाली, हराल. हरेन कदाचित. अर्ज मागे घेणार नाही. पुढची शाळा मिळेल तिथे पहिल्याच मुलाखतीत सांगणार: मी हेच शिकवते, असंच शिकवते. नको असेल तर आत्ताच सांगा.