फाटकाआडचा देव

गाव अभयारण्यातून उठलं आणि जळगाव जामोदच्या बाजूला सपाटीवर येऊन बसलं, तशी गावाबरोबर माझी शाळाही खाली आली. गाव कोरकूंचं, मी बाहेरून आलेली मास्तरीण. मला तर नवं गाव आवडलंच. नळ होते, वीज होती, एसटी दारात यायची. फक्त देव आला नाही.

म्हणजे विचारून झालं होतं. गावचा म्हातारा पुजारी, त्याला भूमका म्हणतात, निघायच्या आधी मोहाच्या झाडाखालच्या मुठवादेवाचा कौल लावून बसला होता. देवाने कौल दिला नाही. मी म्हटलं, दगडच तर आहेत, टेम्पोत घाला. भूमका म्हणाला, ज्याने जंगल आणि गाव दोन्ही राखलं त्याला उचलायचं नसतं. मग विषय संपला.

खरी पंचाईत उन्हाळ्यात झाली. देवाला पहिला आंबा ठेवल्याशिवाय नवा आंबा तोंडात घालायचा नाही, आधी जंगलाचं, मग आपलं, अशी त्यांची रीत. पोरांनी बाजारातले आंबे खाऊन टाकले, कोण ऐकतं हल्ली. भूमक्याची बायको मात्र अंथरुणाला खिळलेली. तिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. आंबा मागायची, आणि समोर धरला की देवाचं झालं का विचारून तोंड फिरवायची. मला तिचा रागही यायचा आणि रडूही.

शेवटी मीच भूमक्याला घेऊन जंगलाच्या फाटकावर गेले. शिकल्यासवरल्या बाईचं कोणीतरी ऐकेल, हा माझा भ्रम. गार्ड मलकापूरकडचा, भला माणूस होता. वाघाचा भाग आहे, वरून हुकूम आहे, म्हणाला. मी भांडले, मग हात जोडले. शेवटी तोच म्हणाला, गस्तीला जायचंच आहे, द्या, मी ठेवतो देवापुढे.

मला हायसं वाटलं. भूमक्याने आंबा त्याच्या हातात दिला, पण स्वतःचा हात काढला नाही.

"आन् त्यानं इचारलं, माह्ये लोक काऊन नाही आले, तं काय सांगशीन?"

गार्डने माझ्याकडे पाहिलं. त्याने आंबा हळूच भूमक्याकडे सरकवला.

"बाबा, हे मले नाही सांगता येनार."

आम्ही आंबा घेऊन परत आलो. म्हातारी दाराकडे डोळे लावून पडली होती.