पारुबाईच्या कमरेचं हँडल

तांड्यावरची पारुबाई हिंगोलीच्या जिनिंगात लॉरीत कापूस भरायची. १९३८ साली ड्रायव्हर चाँद पाशानं लॉरी मागं घेतली आणि मागं उभ्या जिवनबाईच्या पायावरून चाक गेलं.

"दिसलीच न्हाई," तो म्हणाला.

"तुमाला मागचं दिसत न्हाई, मला दिसतं," म्हणत पारुबाईनं लॉरी सुरू करायचं लोखंडी हँडल कमरेला खोचलं. त्या दिवसापासून साऱ्या बाया लॉरीपुढं येऊन उभ्या राहिल्या, की मगच ती ते द्यायची. शेठला वेळ गेल्याचं दुखायचं, पायाचं कधी दुखलं नाही. चाँद पाशा मात्र गुमान थांबायचा.

दहा वर्षांनी लॉरी विकताना सीटखाली दुसरं हँडल निघालं, गंजलेलं.

"हे होतं, तर रोज त्या बाईपुढं काहून थांबायचास?" शेठनं विचारलं.

"मागचं तिलाच दिसायचं, शेठ."