मशेरीवालीच्या शेजारी

आई गेली त्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांचं वजन करत होते. त्यांच्या खाण्यात तंबाखू मिसळलेला असे. ते वाळत गेले, मग कोपऱ्यात गप्प बसू लागले. आईला तोंडाचा कर्करोग होता.

आई मशेरी घ्यायची ती जोगेश्वरीच्या बाजारातल्या एका बाईकडून. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती तव्यावर तंबाखू भाजायची, बोटाने चुरून बघायची आणि त्याच बोटाने स्वतःच्या दातांना लावायची. तेराव्यानंतर मी तिला आईचं आणि उंदरांचं सांगितलं आणि म्हणाले, "हे विकणं बंद करा."

"त्या उंदरांना दुसरं काय खायला दिलंस गो?"

"काही नाही."

"मग? तुझी आई आपल्या पायांनी यायची."

मी तिथून हलले नाही. एक बाई मशेरी घ्यायला आली तशी मी तिला म्हणाले, "घेऊ नका. माझी आई मशेरीनेच गेली."

मशेरीवालीने माझ्याकडे पाहिलं आणि आपलं गोणपाट थोडं सरकवलं.

"उभ्याने कशाला भांडतेस? बस."

अजूनही दर शनिवारी ती मशेरी भाजते आणि मी तिच्या शेजारी बसून बायकांना घेऊ नका म्हणते.