प्लास्टिकखालचा किनारा

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून आलेल्या लोखंडावरून नख फिरवायचं आणि कुठे खरबरीत राहिलंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. घरीही ताटावरून, टेबलावरून नख फिरायचं आणि आई वैतागायची.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेल्या जुन्या आरशाच्या पाठीमागे त्यांना तो नकाशा सापडला. पोर्तुगीज जहाजांच्या काळातला, कोकण किनाऱ्याचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, त्यामुळे रेघा कागदावर किंचित उठून आलेल्या. असे फार थोडे उरलेत, असं एका जाणकाराने सांगितलं आणि विकायचंही सुचवलं. बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. नकाशात त्यांच्या गावची खाडी होती.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. बदलापूरच्या घरात ते रोज संध्याकाळी नकाशा मांडीवर घ्यायचे आणि बोटाने किनारा धरून खाली उतरायचे. दाभोळ, जयगड, मग आपली खाडी. तिथे पोचले की चेहरा असा उजळायचा की मला चक्क हेवा वाटायचा.

आईला लॅमिनेशनचं वेड. रेशनकार्ड, आमच्या मार्कशीट, आरत्यांचा कागद, काही म्हणून सुटलं नाही. जे जपायचं ते प्लास्टिकमध्ये, हा तिचा कायदा. नकाशाच्या कडा झिजताना बघून तिचा जीव तुटायचा. बाबांच्या वाढदिवसाला तिने तो गुपचूप स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणला.

मी ओरडणारच होते. तेवढ्यात बाबांनी त्यावरून हात फिरवला. हात मध्येच थांबला.

"छान केलंस," ते म्हणाले. "आता फाटायची भीती नाही."

आई इतकी खूश झाली की मला गप्प बसावं लागलं. नंतर मी चौकशी केली, तर प्लास्टिक सोलताना कागदही जाईल असं कळलं. त्या दिवशी मी खूप रडले.

बाबा मात्र रोज नकाशा मागत राहिले. दाभोळ, जयगड, आपली खाडी. आवाजही तसाच.

एका संध्याकाळी आई शेजारी भाजी निवडत होती. तिने सहज वाकून पाहिलं. नकाशा उलटा होता. तिनेच घाईत तसा हातात दिला होता. बाबांचं बोट भर समुद्रात होतं आणि ते हसून सांगत होते, "ही बघ, आलो घरी."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या बोटावर आपला हात ठेवला.

"हो, आलो," ती म्हणाली. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिने नाक ओढलं नाही. बाबांना ते ऐकू गेलं असतं.