आयझॅक बर्केटचे सहा दात

बासष्टाव्या वर्षी आयझॅक बर्केटच्या तोंडात सहा दात उरले होते, आणि साऱ्या खोऱ्याच्या मते ते सहा जास्तच होते.

त्या खोऱ्यात दात ही पोरवयातली खोड समजत. माणूस लग्नाला उभा राहिला की सगळे एकदम उपटून घ्यायचे आणि कवळी बसवायची. मग ठणका नाही, सूज नाही, ऐन मेंढ्यांच्या लोकर-कातरणीच्या दिवसांत गाल धरून बाजारगावी धावणं नाही. मुलीच्या बापाने तर हे लग्नाआधीच उरकून द्यावं अशी रीत होती, म्हणजे पुढचा भार जावयावर पडत नसे. आयझॅकची बायको हॅना अडतीस वर्षांपूर्वी या घरात आली ती एक ओकचं कपाट, सहा चादरी आणि वरची-खालची पूर्ण कवळी घेऊन. कपाटाचं दार पहिल्याच हिवाळ्यात फुगून बसलं. कवळीबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

आयझॅक सुटला तो बापामुळे. दात बघायचे ते मेंढीचे, मेंढपाळाचे नव्हेत, असं म्हाताऱ्याचं मत होतं. त्यामुळे आयझॅकचे दात एकेक करून, ज्याच्या त्याच्या सोयीने गेले. सफरचंद तो चाकूने तासून खाई.

मेंढीचे दात मात्र तो पन्नास वर्षं बघत आला होता. दर ऑक्टोबरात प्रत्येकीचा ओठ अंगठ्याने वर करायचा. पुढचे दात पडून फटी दिसल्या की ती ‘तुटक्या तोंडाची’. डोंगरावरचं राठ गवत तिला तोडवत नाही, म्हणून ती खाली सपाटीला, मऊ गवतावर विकायची. यंदा बाजारात शेजारच्या जोनास थ्वेटने भर गर्दीत आयझॅकची हनुवटी धरली, ओठ वर केला आणि जाहीर केलं, “तुटकं तोंड. पाठवा रे ह्याला खाली.” लोक हसले. आयझॅकही हसला, तोंड मिटून. खाली म्हणजे कुठे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची मुलगी समुद्रकाठच्या गावात राहत होती, तिच्या घरात गॅसची शेगडी होती आणि एक खोली रिकामी होती.

त्याच आठवड्यात सहांपैकी एक दात ठणकू लागला आणि आयझॅकचा गाल पावासारखा फुगला. दातांचे डॉक्टर मिस्टर पेल दर गुरुवारी बाजारगावी, लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या खोलीत बसत. त्यांनी तोंडात बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की खालचे दोन कुजलेत, ते काढावेच लागतील. उरलेले चार अजून पाच-सहा वर्षं निघतील. एवढं बोलून ते थोडे घुटमळले. मग म्हणाले, चार ठेवून दोनच काढा, असं या खोऱ्यातून आजवर कुणी त्यांना सांगितलेलं नाही. पुढच्या गुरुवारी या, काय ते ठरवून या.

हॅनाचं ठरलेलंच होतं. सगळे काढायचे. सहा दातांच्या लाडापायी ती इतकी वर्षं मटण कुस्करत आली होती आणि आता तिचा हात दुखत होता. आयझॅक हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. तो गोठ्यात जाऊन बसे.

त्याचं दुखणं वेगळं होतं आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. वरच्या पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून तो शिट्टी घाली. दोन सुरांची घातली की त्याची कुत्री नेल डावीकडून कळपाला वळसा घेई, उलट घातली की उजवीकडून, आणि एक लांब सपाट शिट्टी ऐकली की अर्ध्या मैलावर असली तरी जागच्या जागी पोट टेकून बसे. ती शिट्टी गेली की आयझॅक म्हणजे वाऱ्यात ओरडणारा एक म्हातारा. नेल आठ वर्षांची होती. त्या वयात कुणी नवी भाषा शिकत नाही. कुत्र्याशिवाय डोंगरावरच्या मेंढ्या खाली येत नाहीत, आणि मेंढ्या आणता येत नसतील तर डोंगरावर राहायचं कशाला? पत्र्याच्या शिट्टीचा प्रयोग त्याने एकदा करून बघितला होता. नेलने त्याच्याकडे बघितलं आणि मग अदबीने दुसरीकडे बघितलं, प्रार्थनेत कुणी भलतीच ओळ म्हटली की शेजारचे बघतात तसं.

बुधवारी दुपारी, सूप पुढ्यात असताना, हॅनाने उद्या किती वाजता निघायचं ते विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, “कवळीने शिट्टी वाजत नाही.”

हॅनाने त्याच्याकडे बघितलं. मग हात पुसले, खुंटीवरचा कोट अंगावर घेतला आणि बाहेर पडली. आयझॅक चमचा हातात घेऊनच मागे गेला.

त्या खोऱ्यात बाया शिट्टी घालत नसत. आरवणारी कोंबडी आणि शिट्टी घालणारी बाई, दोन्ही घरात नकोत म्हणत. कोंबडीची सोय निदान हंडीत होते. हॅना दगडी गडग्यापाशी उभी राहिली, वरची कवळी अंगठ्याने दाबून घट्ट बसवली आणि दोन सुरांची शिट्टी घातली. माळावर नेल उठली आणि डावीकडून मेंढ्यांना वळसा घालत निघाली. मग हॅनाने लांब शिट्टी घातली. नेल जमिनीला चिकटली.

सूर त्याचेच होते. जरासे जाड, एवढंच.

“हे कुठे शिकलीस?”

“तुला न्यूमोनिया झाला होता तेव्हा. तीन आठवडे मेंढ्या कोण आणत होतं असं वाटलं तुला?”

“जोनास. तूच म्हणालीस, जोनास आणतो.”

“आजारी माणसाला काय सांगायचं?”

जोनासने त्याबद्दल आभारही घेतले होते आणि एक अख्खी डुकराची तंगडीही. पण आयझॅकच्या डोक्यात आत्ता जोनास नव्हता. लपायला जी शेवटची जागा होती ती बायकोने नेमकी दोन शिट्ट्यांत काढून घेतली होती.

“झालं तर,” तो म्हणाला. “उद्या सगळे.”

हॅना माळाकडे तोंड करूनच उभी होती. “माझा एकही किडलेला नव्हता,” ती म्हणाली.

आयझॅकला आधी कळलंच नाही.

“अठ्ठावीस होते. एकूण एक चांगले. डॉक्टरनेसुद्धा विचारलं, सगळेच का? बाबा म्हणाले, सगळेच. मला कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. सगळ्या मुलींचं तसंच होत होतं.”

आयझॅकने हातातला चमचा खिशात घातला.

“मी तुझ्या बापाचे आभार मानले होते गं.”

“मानले होतेस. हात हातात घेऊन.”

“मग आता माझ्या मागे का लागली होतीस?”

हॅनाने कोटाचं बटण लावायला घेतलं, ते लागलेलंच होतं हे पाहिलं आणि दुसरं लावलं. “वाटलं, एकदाचे दोघं सारखे होऊ,” ती म्हणाली. मग नेलला हाक मारली, “पुरे आता, ये,” आणि सूप गार झालं असेल म्हणून आत गेली.

गुरुवारी ती त्याच्याबरोबर गेली. तशी ती कधी जात नसे. मिस्टर पेलनी मोठी पकड काढून ठेवली होती आणि बादलीही. त्यांनी आयझॅकला खुर्चीत मागे झुकवलं, तोंड उघडायला सांगितलं आणि मग, त्या खोऱ्यात विचारायचं कुणाला हे अनुभवाने माहीत असल्यामुळे, वळून हॅनाला विचारलं, “सगळे ना, मिसेस बर्केट?”

“मला काय विचारता?” हॅना म्हणाली. “तोंड त्याचं आहे.”

मिस्टर पेलना दिवा पुन्हा नीट करावा लागला. मग त्यांनी आयझॅककडे बघितलं. तोंड उघडंच असल्यामुळे आयझॅकने दोन बोटं वर केली. हात उलटा होता, आणि उलट्या हाताची दोन बोटं म्हणजे त्या मुलखात शिवी. पण मिस्टर पेलनी अर्थ बरोबर लावला आणि बादली पायाने खुर्चीखाली सरकवली.